जपानात नवीन आलायत? निदान या चुका तरी टाळा

टोकियोतल्या निशी-कासाईत राहून मला नऊ वर्षं झाली. दर एप्रिलला नवीन पोरं येतात आणि त्याच खड्ड्यात पडतात. माझी चिडचिड होते ती घाईमुळे. इथे कुणी तुमच्यावर ओरडत नाही हो, तुम्हाला वाटतं सगळं झालं आणि कागद गपचूप परत येतो.

पहिलं म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव असतं, ते झाइर्यू कार्डावर म्हणजे रेसिडेन्स कार्डावर तसंच येतं, आणि प्रत्येक फॉर्मवर फुरिगाना, म्हणजे काताकाना या जपानी लिपीत नावाचा उच्चार, लिहावा लागतो. कुलकर्णी होतं 'कुरुकारुनि'. शेवटचा स्वर लांबवायची आडवी रेघ द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण एकदाच! मी बँकेत रेघ दिली आणि कंपनीच्या फॉर्मवर विसरलो. पंचवीस तारखेला सगळ्यांचे पगार झाले, माझा नाही. खात्याचं काताकाना नाव जुळलं नाही म्हणून पैसे आल्या पावली परत. एचआरच्या बाई दोनदा वाकून सॉरी म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच, आणि कोरा फॉर्म पुढे सरकवला. पुढचा आठवडाभर उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, आणि मित्राकडचा वरणभात. एका रेघेपायी! तेव्हापासून पूर्ण नाव काताकानात लिहून त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, फॉर्म दिसला की आधी फोटो उघडतो, आजही. "पाठ आहे की मला" म्हणणाऱ्यांचेच फॉर्म परत येतात.

दुसरं, जुमिनझेई, म्हणजे रहिवासी कर. पहिल्या वर्षी कापला जात नाही म्हणून लोक खूश होऊन महागडं घर घेतात. अरे, हा टॅक्स मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो, साधारण १० टक्के, आणि १ जानेवारीला तुमचा पत्ता जिथे तिथली पालिका तो घेते. म्हणून दुसऱ्या जूनला पगाराची स्लिप बघून पोटात गोळा येतो. नोकरी सोडली तर बिल पाकिटातून घरी येतं. ते जपानीत आहे म्हणून फ्रिजवर ठेवून देऊ नका, पुढे पर्मनंट रेसिडेन्सीच्या वेळी टॅक्स वेळेत भरला का ते बघतात. मी दर महिन्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचो, ज्याला जमेल त्याने करावं.

कचरा: प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढा, बाटली धुवा. चुकीची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि आत हळदीचे डाग नि मसाल्याची पाकिटं दिसली की पिशवी कुणाची ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं. टोकियोत ३० सेंटीमीटरपेक्षा मोठी वस्तू असेल तर आधी बुकिंग, मग कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, स्टिकर. रात्री गुपचूप खाली ठेवून येणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

घर बदललं? १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नवा पत्ता नोंदवा.

मिसो सूप बहुतेक वेळा व्हेज नसतं, त्यात माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतं.

भूकंपानंतर गॅस बंद झाला तर लगेच मित्राला फोन नको. मोठा धक्का बसला की मीटर स्वतःच गॅस तोडतो. आधी वास येतोय का बघा, नसेल तर गॅसवरच्या सगळ्या उपकरणांची बटणं बंद करा, मीटरवरचं रिसेट बटण दाबा आणि तीन मिनिटं थांबा. तीन म्हणजे तीन, मधेच शेगडी पेटवून बघायची नाही.

आणि भारतात जाताना एअरपोर्टवर भरायच्या कार्डावर री-एन्ट्रीच्या, म्हणजे परत येणार असल्याच्या, चौकटीत टिक करा, वर्षाच्या आत परत येणार असाल तर. टिक राहिली तर विमान उडालं की व्हिसा गेला.