टाइमशेअर घेताय की विकताय? या चुका टाळा

टाइमशेअर म्हणजे एखाद्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठराविक काळ, बहुधा एक आठवडा, राहण्याचा विकत घेतलेला हक्क. तो विकायला काढला की काही दिवसांत एक गोड फोन येतो. ‘तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, भावही चांगला देतंय. नोंदणीचे पैसे तेवढे आधी भरा.’ इथेच थांबायचं. विकणाऱ्याच्या खिशात पैसे यायला हवेत. ते आधी त्याच्याच खिशातून जायला लागले, तर दाल में कुछ काला नाही, अख्खी डाळच काळी आहे.

आगाऊ पैसे भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पैसे मागताना नावं बदलतात: जाहिरात खर्च, मूल्यांकन, कागदपत्रांची फी, कर. युरोपीय संघाच्या 2008च्या टाइमशेअर निर्देशानुसार पुनर्विक्रीचं काम घेणाऱ्याला प्रत्यक्ष विक्री होण्याआधी पैसे घेता येत नाहीत. जिथे असा कायदा नाही, तिथेही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा. कमिशन विक्रीनंतर, विक्रीच्या रकमेतून.

शहाणीसुरती माणसं यात का अडकतात? कारण खरा भाव पचत नाही. नवा टाइमशेअर विकताना कंपनी विक्रेत्यांचं कमिशन आणि जाहिरातीचा मोठा खर्च किमतीतच घालते. पुनर्विक्रीत तो भाग उडून जातो. अनेकांना मूळ किमतीचा अगदी लहान हिस्सा मिळतो. काही जण दरवर्षीचं देखभाल शुल्क टाळण्यासाठी आठवडा फुकट द्यायलाही तयार असतात. अशा वेळी कोणी मूळ किमतीपेक्षा जास्त आकडा सांगितला, की तो खरा मानावासा वाटतो. म्हणून फोन यायच्या आधीच त्याच रिसॉर्टचे आठवडे पुनर्विक्रीत किती रुपयांना किंवा डॉलरना मागितले जातात, ते स्वतः पाहून ठेवा.

एकदा पैसे दिले की प्रकरण तिथे संपत नाही. मेक्सिकोतल्या रिसॉर्टचे आठवडे असलेल्या अमेरिकी मालकांना ‘गिऱ्हाइकाचे पैसे बँकेत जमा झालेत, सरकारी कर भरला की सुटतील’ असं सांगून पुन्हा पुन्हा लुबाडलं गेलं आहे. 2023मध्ये अमेरिकेच्या वित्त विभागाने अशा फसवणुकीशी जोडलेल्या मेक्सिकन कंपन्यांवर निर्बंध घातले. त्यांचे धागे मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातल्या अमली पदार्थ टोळीपर्यंत जात होते. सगळं लुटून झाल्यावर तिसराच माणूस फोन करतो, वकील किंवा सरकारी अधिकारी म्हणून: ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो.’ त्याचीही फी आधीच! आधी फसलेल्यांच्या याद्या अशा लोकांच्या हाती असतात, हे लक्षात ठेवा.

‘हप्ते थांबवा, आम्ही सोडवतो’ यावर विश्वास ठेवणं

करारातून सुटका करून देणाऱ्या काही कंपन्या मोठी रक्कम घेतात आणि रिसॉर्टला पैसे देणं बंद करायला सांगतात. थकबाकी तुमच्या नावावर चढते, पत खराब होते, आणि कंपनी गायब. आधी रिसॉर्टलाच लेखी विचारा. काही ठिकाणी टाइमशेअर परत घेण्याची सोय असते, आणि तिचा पत्ता मालकाला नसतो. तसंच, ‘नाव बदललं’ असं मध्यस्थाने सांगितल्यावर समाधान मानू नका. नोंद बदलल्याचं पत्र रिसॉर्टकडून हातात येईपर्यंत शुल्काचं बिल तुमच्याच नावाने येणार.

घेताना: ‘आजच सही केली तर सूट’

फुकट भेटवस्तू, तासन्‌तास चालणारं सादरीकरण, आणि शेवटी ‘ही किंमत फक्त आजच’. तोंडी सांगितलेलं काहीही करारात नसेल तर ते नाहीच असं समजा. सही झालीच असेल तर घाबरू नका, तारीख पाहा. युरोपीय संघात 14 दिवसांत कारण न देता माघार घेता येते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची मुदत वेगळी. फ्लोरिडात 10 दिवस. मात्र फोनवर ‘नको’ म्हणून भागत नाही. करारात लिहिलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या पद्धतीने, लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. दिवस मोजताना उशीर करणाऱ्या विक्रेत्याची गोड उत्तरं ऐकत बसू नका. मुदत संपावी हाच त्याचा हेतू असू शकतो.

जुना टाइमशेअर घेत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. मालक तोच आहे का, थकबाकी किती, वार्षिक शुल्क किती वाढत आलं, पॉइंटच्या (मुक्कामासाठी वापरता येणाऱ्या गुणांच्या) सवलती नव्या मालकाला मिळतात का, हे रिसॉर्टला विचारा. बऱ्याचदा त्या मिळत नाहीत. पैसे तिसऱ्या पक्षाकडे ठेवायचे ठरले, तर त्या संस्थेचा नंबर स्वतः शोधा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर बनावट वेबसाइट असू शकते.

पैसे गेलेच असतील तर

आज, उद्या नव्हे, बँकेला किंवा कार्ड कंपनीला कळवा. कार्डाचा व्यवहार वादात घालता येतो, वायर ट्रान्सफर (बँकेतून थेट दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे) थांबवणं बरंच कठीण जातं. पुढचा एकही फोन उचलू नका. ईमेल, पावत्या, नंबर एकत्र करून पोलिसांकडे आणि ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे तक्रार नोंदवा. आणि कितीही शरम वाटली तरी घरच्यांना सांगा, कारण पुढचा ‘पैसे परत मिळवून देतो’वाला फोन कदाचित त्यांच्याच हातात येईल.