माशांच्या मोठ्या अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिकच्या) टाकीचा तळ मधे खाली झुकत होता, तो असा थांबला (बडोदा)

टाकी ६ बाय २ बाय २ फुटाची, म्हणजे २४ घनफूट, जवळजवळ ६८० लिटर, नुसतं पाणीच ६८० किलो. भरली की तळ मधोमध खाली झुकायचा आणि खालच्या जोडाजवळ बारीक पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या. कोपऱ्यांखाली रबर घातलं, मधे विटांचा टेकू दिला, वरून सिलिकॉन लावलं, पण सिलिकॉन अॅक्रिलिकला नीट धरतच नाही. फार वैताग आला.

कारण स्टँडमधे होतं. दांडिया बाजारात आमच्याकडे काचेच्या टाक्या चौकटीवर बसवतात, चारी कडा टेकल्या की त्यातल्या बऱ्याच टाक्यांचं भागतं, पण अॅक्रिलिक लवचिक, त्याला अख्ख्या तळाखाली सपाट आधार लागतोच.

आधी मासे टबात हलवले, जुना स्पंज फिल्टर तिथे चालूच ठेवला, मग टाकी पूर्ण रिकामी केली. वेल्डरकडून स्टँडला दर फुटावर आडवे चौकोनी पाइप मारून घेतले आणि वेल्डिंगचे उंचवटे घासून काढले. मग पाणलेव्हलनी लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण बघितले, पाचर मारायची ती पायांखालीच, टाकीखाली कधीच नाही. त्यावर १९ एमएमचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवुड), टाकीपेक्षा जरा मोठा, आणि फोमची पातळ शीट. एक वाळूचा कण राहिला तरी भार तिथेच येतो, म्हणून दोनदा पुसलं. पाणी एकतृतीयांश भरून एक रात्र ठेवलं, लेव्हल परत बघितली, मग बाकीचं.

आता तळ सरळ आहे, रेषा वाढलेल्या नाहीत. रेषा जोडाच्या आत शिरल्या असतील तर मात्र टाकी भरूच नका.