पायथनमधली वेळ: नवीन लागणाऱ्यांसाठी माझा अनुभव

डिचोलीहून रोज कदंबाच्या बसने पणजीला, पहिलीच नोकरी, काम हॉटेल बुकिंगच्या सॉफ्टवेअरचं. कॉलेजात तारीख-वेळ हाताळणारं पायथनचं डेटटाइम मॉड्यूल दोन लेक्चरमध्ये उरकलेलं, त्यामुळे वाटायचं यात काय एवढं.

महिन्याभरात पहिला दणका बसला. रात्री 1 वाजता आलेलं बुकिंग रिपोर्टात आदल्या तारखेला दिसायला लागलं, लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर चूक. डेटटाइम.नाऊ() नुसतं लिहिलं की ते त्या मशीनची वेळ देतं, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि त्या व्हॅल्यूवर ही वेळ कुठली याची काही खूणच नसते. तिलाच नाईव्ह म्हणतात. यूटीसीनाऊ() वापरून सुटाल असं वाटेल पण तेही नाईव्हच देतं, पायथन 3.12 पासून तर ते डेप्रिकेटेड आहे, म्हणजे वापरू नका असंच सांगितलेलं. नाऊ() च्या कंसात टाइमझोन.यूटीसी द्यायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी गोष्ट मात्र खरी शिकवून गेली. लंडनच्या पाहुण्यांना तिथल्या सकाळी 10 ला कन्फर्मेशनचा फोन जायचा. मी कोड ऑगस्टात लिहिला, फरक साडेचार तासांचा, तो तसाच टाइमडेल्टात, म्हणजे वेळेत मिळवायच्या ठराविक कालावधीत, घातला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, फरक होतो साडेपाचचा, आणि नेमका आपला सीझन तेव्हाच सुरू होतो! लोकांना 9 लाच फोन, तक्रारी, ऐन गर्दीत. म्हणून तासांचा आकडा कधीच लिहू नका, झोनचं नाव लिहा, 3.9 पासून झोनइन्फो हे टाइमझोनचं मॉड्यूल पायथनमध्येच आहे, 'युरोप/लंडन' दिलं की उन्हाळा हिवाळा ते बघतं. विंडोजवर बहुतेक वेळा झोनांची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

घडून गेलेली वेळ यूटीसीत साठवा. पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट असेल तर मी तिथली वेळ आणि झोनचं नाव दोन्ही ठेवते, कारण पाहुण्याने 10 म्हटलंय ते त्याच्या घड्याळातले 10.

आणि वजाबाकी करताना जपून. 27 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून 28 च्या मध्यरात्रीपर्यंत लंडनमध्ये घड्याळं मागे गेल्यामुळे 25 तास होते, पण दोन्ही व्हॅल्यू एकाच झोनइन्फोच्या असतील तर पायथन 24 च सांगतं, एरर वगैरे काही नाही. दोन्ही आधी यूटीसीत न्या, मग वजा करा.