जुनी शेड पाडताय? ॲसबेस्टॉस तपासणीतल्या या चुका टाळा

सांगली-मिरजेकडून मला फोन येतो तो बहुतेक संध्याकाळी. "साहेब, उद्या सकाळी शेड पाडायचीय, तेवढा रिपोर्ट देऊन टाका." जेसीबीचं भाडं आधीच ठरलेलं, भंगारवाला ॲडव्हान्स देऊन गेलेला, आणि आता तपासणी. हे वरातीमागून घोडं झालं. नमुना प्रयोगशाळेत जातो, तिथं तो पोलराइज्ड प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग अहवाल येतो. याला दिवस लागतात. ज्याला एवढी घाई आहे त्याला मी सरळ नाही म्हणतो.

दुसरा ठरलेला संवाद: "ॲसबेस्टॉस नाही हो आमच्याकडं, साधा सिमेंटचा पत्रा आहे." अहो, तोच तो. जुन्या पन्हळी सिमेंट पत्र्यात साधारण १० ते १५ टक्के ॲसबेस्टॉस, म्हणजे बारीक धाग्यांचं खनिज, असतं. पत्रा शाबूत असेल तर धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, फारसे सुटत नाहीत. घण मारला, ग्राइंडर लावला की ते हवेत जातात, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. ते श्वासातून आत गेले की होणारा फुफ्फुसाचा आजार वीस-चाळीस वर्षांनी उगवतो, म्हणून आज पाडणाऱ्याला "काय झालं मला?" म्हणायला मोकळीक मिळते.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: एका नमुन्यावर अख्खी शेड निकालात काढणं. ती माझ्याच नावावर जमा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. कुपवाड एमआयडीसीतली तीन गाळ्यांची शेड होती. मी दुसऱ्या कामात अडकलो होतो, नव्या पोराला पाठवलं. शिडी जिथं सोयीनं लागली तिथला एक तुकडा घेऊन तो दुपारच्या आत परत आला. अहवालात ॲसबेस्टॉस नाही. मालक खूश, मुकादम खूश, मीही सही ठोकली. तिसऱ्या दिवशी सहज तिकडून जाताना आत डोकावलो, तर गडी घणानं पत्रे फोडत होते, कोरडेच. एका तुकड्याची तुटलेली कड बघितली तर केसाळ धागे बाहेर आलेले. पालथा पडलेला एक पत्रा ओल्या फडक्यानं पुसला, तर काजळीखाली ठसा निघाला: आयएस ४५९. हे ॲसबेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचं भारतीय मानक.

झालं असं होतं की मधल्या गाळ्याचे पत्रे वळवाच्या वादळात उडाले होते आणि मालकानं तिथं बिनॲसबेस्टॉसचे बसवले होते. शिडी नेमकी त्याच गाळ्याला लागली. बाकीचे दोन गाळे जुने. ही गोष्ट गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला तोंडपाठ होती. त्याला विचारलं कुणी नव्हतं. अडीच दिवस आठ माणसं ती धूळ खात होती, आणि कागदावर सही माझी.

तेव्हापासून शिडी लावण्याआधी मी वॉचमनबरोबर चहा घेतो. कुठला पत्रा कधी बदलला, गळती कुठं होती, पोटमाळा नंतर चढवला का, सगळं विचारतो. मग खडूनं पट्टे आखतो आणि प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या पट्ट्यातून वेगळा नमुना. खर्च वाढतो म्हणून मालक कुरकुरतात. कुरकुरू देत. आणि ठसा सापडला नाही म्हणून पत्रा निर्दोष ठरत नाही. रंगाखाली, शेवाळाखाली तो हरवतो.

फक्त वर बघणं हीसुद्धा नवशिक्यांची खोड. पन्हाळ, सांडपाण्याचे आणि पाण्याचे जुने ए.सी. (ॲसबेस्टॉस सिमेंटचे) पाईप, इलेक्ट्रिक पॅनलमागची फळी, फॉल्स सीलिंगच्या वरची जागा, जुन्या बॉयलरच्या दाराची दोरी आणि पाईपवरचं लेपण, हे सगळं तपासायला हवं. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते चिमटीत भुगा होतं. पाडकामाचा हात जिथं जिथं पोचणार, तिथं तपासणाऱ्याचा आधी पोचला पाहिजे; त्यासाठी छत उघडावं लागलं तर उघडायचं.

"इमारत नवी आहे" हे कारण आपल्याकडं चालत नाही. ब्रिटनमध्ये पांढरं ॲसबेस्टॉसही (सगळ्यात जास्त वापरात असलेला प्रकार) १९९९ साली बंद झालं, तिथं बांधकामाच्या सालावरून अंदाज बांधता येतो. आपल्याकडं पांढऱ्याची आयात चालूच राहिली.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. बारीक धूळ गाळणारा एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क लागतो, तोही दाढी करून, नाहीतर कडेनं हवा आत येते.

नमुना कोरडा तोडू नका. माझ्या पिशवीत कायम एक फवारणीची बाटली असते, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. जागा भिजवायची, खाली प्लास्टिक, पक्कडीनं अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, लगेच एकात एक दोन पिशव्या, वर नंबर. तुटल्या कडेला चिकटपट्टी. ड्रिल घेऊन येणाऱ्या पोराला मी शिडीवर चढू देत नाही.

आणि शेवटी पत्रे जातात कुठं? गोठ्यावर. "टाकून काय द्यायचे, चांगले आहेत की," म्हणून कुणाच्या तरी मळ्यात. फुटके असतील तर पाणंदीच्या खड्ड्यात, ट्रॅक्टरच्या चाकाखाली रोज दळले जायला. २०१९ च्या महापुरानंतर ढिगाऱ्यात असे तुकडे मातीसारखे पसरलेले बघितलेत. हा घातक कचरा आहे. ओला करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या जागीच जायला हवा.

म्हणून आता मी अहवालात पत्र्यांची संख्या लिहितो आणि गाडी भरताना स्वतः मोजतो. मागच्या कामात १८० पैकी १७२ भरले. मुकादमाला विचारलं, तर तो आभाळाकडं बघायला लागला. मी गाडी सोडली नाही. दिवेलागणीला तासगावच्या बाजूनं एक छोटा हत्ती टेम्पो आला. सात पत्रे शाबूत होते, आठव्याला हुकाची दोन नवी भोकं पडली होती.