जिना चढा, नाडी मोजा: शरीरातल्या संस्था एकत्र कशा चालतात ते पाठ न करता कसं समजून घ्यायचं

पचनसंस्था एक धडा, श्वसनसंस्था दुसरा धडा, मग रक्ताभिसरण, मग उत्सर्जन आणि सगळ्यात शेवटी एक ओळ की या सर्व संस्था परस्पर समन्वयाने कार्य करतात. ही ओळ मी पण दोन मार्कांसाठी लिहिलीय आणि समन्वय म्हणजे नक्की कोण कोणाला काय सांगतं हे तेव्हा ओ की ठो कळलं नव्हतं. घोळ असा आहे की धडे संस्थांप्रमाणे पाडलेले असतात पण शरीरात घडतात त्या घटना. म्हणून संस्थेपासून सुरुवात करूच नका, एक साधी घटना पकडा आणि तिच्या मागे मागे जा. जाताना चार प्रश्न विचारत राहा: मागणी कोणी केली, माल कोणी पोचवला, बिल कोणाच्या नावावर फाडलं आणि काम झाल्यावर "बास" कोण म्हणालं. तिसरा प्रश्न सोडू नका, कारण समन्वय म्हटलं की आपल्याला वाटतं सगळे गुण्यागोविंदाने नांदतायत, प्रत्यक्षात ती ओढाताण असते, रक्त मोजकंच असतं आणि एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कापावं लागतं.

आता प्रयोग. पाच मिनिटं शांत बसा, मग मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मोजायला अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी लागते आणि आकडा चुकतो. मोठ्या माणसाचे साधारण ६० ते १०० येतात, नियमित व्यायाम करणाऱ्याचे त्याच्या खाली पण येतात. श्वास मिनिटाला १२ ते २० असतात पण स्वतःचे मोजायला गेलं की ते लगेच बदलतात, त्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या नकळत मोजायला सांगा. आता तीन-चार मजले न थांबता चढा आणि वर पोचल्या पोचल्या परत मोजा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, चक्कर येत असेल तर चढू नका, दुसऱ्याला चढवा आणि तुम्ही घड्याळ धरा.

आकडे वाढले हे तर दिसलंच, पण मागणी कोणी केली? मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंनी, आणि ती कशी केली तर कचरा टाकून. स्नायू काम करतो तसा तिथे कार्बन डायऑक्साइड वाढतो, आम्लपणा वाढतो, उष्णता वाढते आणि त्यामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आपोआप रुंदावतात. इथे अजून एक भारी गोष्ट आहे, ख्रिश्चन बोर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने (अणूवाल्या नील्स बोरचे वडील) १९०४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची (लाल पेशींतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन) ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. म्हणजे जो स्नायू जास्त राबतोय तिथेच रक्त जास्त ऑक्सिजन सोडतं, वरून कोणी हुकूम द्यायची पण गरज नाही.

हृदयाचं काय? आपण समजतो की हृदयाला पळवावं लागतं, खरं म्हणजे ते मुळात जोरातच पळायला बसलेलं असतं. हृदयाचा स्वतःचा पेसमेकर (ठोक्यांचा ताल ठरवणारा हृदयातलाच पेशींचा गट) एकटा सोडला तर मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल, शांत बसल्यावर ते ७० वर असतात कारण मेंदूतून येणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेने ब्रेक दाबून धरलेला असतो. जिना चढायला लागलात की आधी हा ब्रेक सुटतो, सेकंदाच्या आत, आणि मग मागून ॲड्रेनलिनचा ॲक्सिलरेटर येतो. नस हृदयाला काय सांगते आणि कसं सांगते हे ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर शोधलं, एका हृदयाची व्हेगस नस चेतवून ते मंद केलं, त्याच्या भोवतीचं द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिलं तर ते पण मंद झालं, म्हणजे नस शेवटी रसायनच सोडते. प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, रात्री चिठ्ठीवर लिहून ठेवली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तेव्हा उठून सरळ प्रयोगशाळेत गेलो असं त्यानेच सांगितलंय. १९३६ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं (हेन्री डेलबरोबर विभागून).

आता बिल. शांत बसल्यावर हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, त्यातलं १५-२० टक्के स्नायूंना जातं आणि २०-२५ टक्के एकट्या किडन्यांना. धडधाकट माणूस जीव खाऊन पळाला तर हाच आकडा २० लिटरच्या वर जातो आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास स्नायूच खातात. आतडी आणि किडन्यांचा पुरवठा चक्क कापला जातो. फक्त मेंदूचा वाटा कोणी कापत नाही, वजनाने शरीराच्या २ टक्के असून ऑक्सिजन तो जवळजवळ २० टक्के वापरतो आणि बाकीच्यांचं काहीही होवो त्याचं ताट जवळजवळ तेवढंच राहतं. भरपेट जेवून लगेच पळायला गेलं की पोटात का कळ येते किंवा मळमळतं याचं निदान एक कारण इथेच आहे, आतडं पण रक्त मागतंय आणि पाय पण.

वर पोचल्यावर एकदम खांबासारखे उभे राहू नका, थोडं चालत राहा. पायातलं रक्त वर चढवायला हृदय एकटं पुरत नाही, पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्त एकाच दिशेने, वर जातं. या झडपा तुम्ही स्वतः बघू शकता. हात खाली सोडून मनगटाच्या वरची एखादी फुगलेली शीर निवडा, एका बोटाने ती दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त पुसत न्या. एखादी झडप ओलांडली की वरचं बोट उचला, शीर वरच्या बाजूने परत भरत नाही, रिकामीच राहते. मग खालचं बोट उचला, झटकन भरते. पहिल्या फटक्यात नाही जमलं तर शीर बदला. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे मांडलं तेव्हा हाच पुरावा दाखवला होता, तोपर्यंत शेकडो वर्षं लोक मानत होते की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरात मुरून संपतं.

आता "बास" कोण म्हणतं ते बघायला श्वास रोखून बघा. बसूनच करा, पाण्यात तर अजिबात नाही. थोड्या वेळाने जीव घाबराघुबरा होतो, तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून, मेंदूच्या खालच्या भागात त्याचीच मोजदाद चालू असते. म्हणूनच डुबकी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणं जिवावर बेततं, कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो, धोक्याची घंटा वाजतच नाही आणि ऑक्सिजन संपून माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

हे सगळं सेकंदांचं काम झालं. दुसरी घटना मिनिटांची घ्या, जेवण. पोटातलं आंबट मिश्रण लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंडातून आम्ल मारणारा रस येतो. लोकांना वाटायचं हा निरोप नसाच नेत असणार, पण १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं, तरी रस आला! निरोप रक्तातून गेला होता, आतड्यानेच एक रसायन सोडलं होतं, सिक्रेटिन. रक्तातून असा निरोप नेणाऱ्या रसायनासाठी हॉर्मोन हा शब्द १९०५ मध्ये स्टार्लिंगनेच वापरात आणला. यात चौथ्या प्रश्नाचं उत्तर किती छान आहे बघा, आम्ल म्हणजेच मागणी, रस येऊन आम्ल मेलं की मागणी पण संपली, वेगळं कोणी थांबवायला यावं लागत नाही. आणि हो, आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृताच्या नाक्यावर थांबतं, तिथे साखर साठवली जाते, विषारी गोष्टी मोडल्या जातात, मग पुढे सोडतात.

तिसरं घड्याळ दिवसांचं आणि आठवड्यांचं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच कारण इथे असे अवयव बोलतात ज्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटतच नाही. उंच डोंगरावर राहायला गेलात, हवा विरळ, रक्तात ऑक्सिजन कमी. हे कोण ओळखतं? किडनी. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हॉर्मोन सोडते, ते हाडांच्या आतल्या लाल मज्जेत पोचतं, मज्जा जास्त लाल पेशी बनवायला घेते. एक लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते आणि एरवीसुद्धा मज्जा सेकंदाला २० लाखांच्या आसपास नव्या बनवत असते, म्हणजे हाड हा नुसता खांब नाही, कारखाना आहे. दुसरी साखळी ड जीवनसत्त्वाची: ऊन लागल्यावर त्वचेत कच्चा माल तयार होतो, यकृतात त्याचा पहिला बदल, किडनीत दुसरा, मग तो आतड्याला सांगतो की अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढ, आणि ते जातं हाडांत. आता स्वतःची परीक्षा घ्या, पुढचं वाक्य वाचण्याआधी उत्तर द्या: एखाद्याची किडनी बरीच वर्षं खराब असेल तर लघवीच्या त्रासाशिवाय अजून काय काय होईल? रक्त कमी होतं आणि हाडं ठिसूळ होतात. हे ज्याला पाठ न करता सांगता आलं त्याला विषय कळला असं मी समजतो, आकृतीत नावं भरता आली नाहीत तरी चालेल.

आता प्राणी. इथे पद्धत थोडी उलटी करायची, एक भाग बदललेला शोधा आणि त्यामुळे बाकीच्यांना काय काय बदलावं लागलं ते बघा. किड्यांमध्ये हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते, त्यामुळे बहुतेकांच्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचं कामच उरलं नाही, म्हणून ते लाल नसतं. माशाच्या हृदयाला मुख्य कप्पे दोनच, कारण रक्त हृदयातून कल्ल्यांत आणि तिथून परस्पर अंगभर, मध्ये परत हृदयाकडे यायचंच नाही. पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्यांच्या शाखा काही हाडांच्या पोकळीत शिरलेल्या असतात, श्वसन आणि सांगाडा यांची हद्द कुठे संपते ते सांगणं अवघड. काही सॅलमँडरना फुप्फुसंच नाहीत, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून श्वास. जिराफाला डोकं एवढं उंच ठेवायचं तर रक्तदाब आपल्या जवळपास दुप्पट लागतो, मग तो दाब पायात रक्त साचवणार, म्हणून पायाची कातडी घट्ट मोज्यासारखी आवळलेली. मान लांब झाली त्याचं बिल पायाच्या कातडीने भरलं!

घोड्यावर मात्र थोडं थांबा. घोडा चौखूर उधळला की एका झेपेला एक श्वास असं गणित बसतं, पुढचे पाय टेकताना श्वास बाहेर, अंग लांबवताना आत. म्हणजे जास्त हवा हवी म्हणून श्वासाचा वेग हवा तसा वाढवायची सोय नाही, पायांनी ताल ठरवलाय. त्यात तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. मग तूट भरून कोण काढतं? प्लीहा (स्प्लीन). आपण जिला कोपऱ्यातला अवयव समजतो तिथे घोड्याने लाल पेशींचा मोठा साठा ठेवलेला असतो, पळायला लागला की प्लीहा आवळते आणि साठा रक्तात ओतते, एरवी रक्तात ४० टक्क्यांच्या आसपास पेशी असतात त्या ६० च्या वर जातात. हृदय बसल्या जागी मिनिटाला ३०-४० ठोक्यांवर असतं ते २०० पार. पण फुकट काहीच नाही, रक्त एवढं दाट झालं की ते ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

सरावासाठी घरबसल्या एक घटना घ्या. पाण्याचा एक घोट शांतपणे गिळा आणि गिळताना नाकाखाली बोट धरा, त्या क्षणी हवा थांबलेली जाणवेल, गळ्यावर दुसरा हात ठेवलात तर कंठ वर उचलला जातो ते पण कळेल. चारही प्रश्न विचारा आणि कागदावर लिहा. मग शिंक घ्या, मग थंडीत अंगावर येणारा काटा, मग झोपेतून ताडकन उठल्यावर येणारी अंधारी. उचकीपासून मात्र सुरुवात करू नका, ती कशासाठी येते हे अजून शास्त्रज्ञांनाच नीट सापडलेलं नाही.