पोरांच्या अंतराळाच्या प्रश्नांना उत्तरं कशी द्यायची: आधी भोक पाडलेली बाटली, मग रॉकेट

शुभांशु शुक्ला 2025 मध्ये स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासून पोरं जास्तच विचारायला लागलीत. तिथे तरंगतात कसे, शू कुठे करतात, झोपेत खाली पडत नाहीत का. आणि आपण पटकन सांगून मोकळे होतो की "वर गुरुत्वाकर्षण नसतं ना". हे चूक आहे, आणि एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं एकही उत्तर नीट लागत नाही. स्टेशन आहे साधारण 400 किमीवर आणि तिथे जमिनीवरच्या मानाने जवळजवळ 90 टक्के गुरुत्वाकर्षण असतं. म्हणून माझं म्हणणं, सुरुवात स्टेशनपासून करूच नका, साउंडिंग रॉकेटपासून करा (मोजमापाची उपकरणं घेऊन वर जाणारं आणि लगेच खाली येणारं छोटं रॉकेट), आणि त्याच्याही आधी बाटलीपासून.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, तळापासून दोन बोटं वर कर्कटकाने भोक पाडा, भोकावर बोट दाबून पाणी भरा आणि झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता तीच बाटली गॅलरीतून खाली सोडायची (खाली कोणी नाही ना ते बघून, आणि शक्यतो बादलीत) आणि दुसऱ्याने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायचं. पडताना धार थांबते, कारण बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडतायत, पाण्याला बाटलीवर दाब द्यायला कारणच उरत नाही. इथपर्यंत बरेच जण करतात आणि थांबतात. खरी मजा पुढे आहे. मैदानात जाऊन बाटली हळूच, गरगर फिरू न देता, वर उडवा. पोरांना आधी विचारा की धार कधी थांबेल, बहुतेक जण म्हणतील सगळ्यात वर पोचल्यावर. व्हिडिओ बघितला की दिसतं, हातातून सुटल्याबरोबर थांबली, म्हणजे वर जातानाच. वजनरहित व्हायला लांब जावं लागत नाही, ढकलणारं कोणी नसलं की झालं. दोन-तीनदा करा, एकदा तरी बाटली आडवी होणार आणि कपडे भिजणार.

आता रॉकेट. साउंडिंग रॉकेट म्हणजे हीच उडवलेली बाटली. इंजिन थोडाच वेळ चालतं, बंद झालं की आतलं सगळं वजनरहित, वर जाताना पण आणि खाली येताना पण, दाट हवा लागेपर्यंत. स्वीडनमधल्या किरुनाजवळून टेक्सस नावाची रॉकेटं उडतात त्यात अशी सहाएक मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात धातू वितळवून परत गोठवण्यासारखे प्रयोग उरकतात.

"पण एवढ्याशा वेळासाठी रॉकेट कशाला, सॅटेलाइट आहेत की" हा प्रश्न येतोच. फुगे साधारण 40 किमीपर्यंत जातात, आणि दीडशेच्या खाली सॅटेलाइट टिकत नाही, हवेच्या घर्षणाने खाली येतो. मधल्या पट्ट्यात मोजमाप करायचं तर रॉकेटच पाठवावं लागतं. भारताने रॉकेटं उडवायला केरळातलं थुंबा निवडलं ते याचसाठी, ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे (म्हणजे जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा) आणि तिथे 100 किमीच्या थोडं वर आकाशात विजेचा प्रवाह वाहतो. विक्रम साराभाईंबरोबर ही जागा शोधणाऱ्यांमध्ये एकनाथ चिटणीस होते, आणि पुढे तिथे घन इंधनाचं काम उभं केलं वसंत गोवारीकरांनी, ही आपली माणसं पोरांना माहीत असायला हरकत नाही. पहिलं रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 ला उडालं, अमेरिकेचं नायकी-अपाची. त्याने वर सोडियमची वाफ सोडली, खाली संध्याकाळ झालेली पण वर अजून ऊन, त्यामुळे तो ढग नारिंगी चमकला आणि तो कसा पसरतो यावरून तिथलं वारं कळलं. तेव्हाचं ऑफिस असलेलं चर्च आता म्युझियम आहे. केरळ ट्रिपमध्ये नक्की जा, फक्त वेळ आणि ओळखपत्राचे नियम आधी बघून घ्या.

मग टाका गुगली. इस्रोचं आरएच-560 (हा आकडा म्हणजे जाडी, मिलिमीटरमध्ये) 470 किमीपर्यंत जातं. म्हणजे स्टेशनपेक्षा वर! मग ते तिथे का राहत नाही, दहा-बारा मिनिटांत समुद्रात का? पोरांना जरा डोकं खाजवू द्या. उत्तर आहे आडवा वेग. स्टेशन सेकंदाला 7.7 किमी आडवं पळतं, पडतंय तेही, पण ते जेवढं पडतं तेवढीच गोल पृथ्वी त्याच्याखाली वाकत जाते. त्या रॉकेटला वर जायला वेग लागतो सेकंदाला साधारण 3 किमी. मोठ्या पोरांना दोन्ही आकड्यांचे वर्ग करायला लावा, 59 आणि 9, एवढा ऊर्जेचा फरक. परत येताना ही सगळी ऊर्जा उष्णतेत जाते म्हणून माणसांच्या यानाला उष्णतेची ढाल लागते.

आता रोजचे प्रश्न पटापट सुटतात. झोपेत पडत नाहीत कारण आधीच पडतायत, फक्त वाहत जाऊन कुठे आपटू नये म्हणून स्लीपिंग बॅग बांधून ठेवतात. पंखा मात्र लागतोच, गरम हवा वर जात नाही ना, सोडलेला श्वास तोंडापाशीच साठून राहतो. पाव नेत नाहीत, चुरा सगळीकडे तरंगतो, त्याऐवजी टॉर्टिया, म्हणजे जवळपास आपली पोळीच. उंची थोडी वाढते, मणके सैल होतात, पण हाडं झिजतात म्हणून रोज दोनेक तास व्यायाम.

आणि शू. स्टेशनवर हवेने ओढून घेणारा पाइप असतो आणि त्याचं शुद्ध करून परत पिण्याचं पाणी होतं (इथे ईईई होणार, होऊ द्या). पण गोष्ट सांगायची ती अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीराची, ॲलन शेपर्डची. 5 मे 1961, रेडस्टोन रॉकेट, 187 किमी वर आणि 15 मिनिटांत समुद्रात, म्हणजे माणूस बसवलेलं साउंडिंग रॉकेटच म्हणा ना. पंधराच मिनिटांचं काम म्हणून शूची सोयच केलेली नव्हती, आणि उड्डाणाची वेळ पुढे पुढे जात राहिली, गडी चार तासांवर आत अडकून पडला. शेवटी परवानगी घेऊन सूटमध्येच केली.