ताटलीखालचा पाऊस

फळ्यावर बाण काढून जलचक्र शिकवलं की तिसरी-चौथीची मुलं ‘बाष्पीभवन’ शब्द पाठ करतात, पण ढगातलं पाणी समुद्रातून आलं हे काही त्यांना पटत नाही. त्यावर हा उपाय.

१. काचेच्या रुंद बरणीत तीन-चार बोटं गरम पाणी घ्या. त्यात चमचाभर मीठ आणि चिमूटभर हळद ढवळा. हा आपला समुद्र.
२. तोंडावर स्टीलची ताटली ठेवून तिच्यात बर्फाचे खडे टाका. ताटलीची खालची बाजू आधी कोरडी पुसून मुलांना दाखवा, नाहीतर एखादा हमखास म्हणतो, “बाई, बर्फ गळतोय!”
३. दहा मिनिटांनी ताटली सरळ वर उचला, तिरपी करून थेंब स्वच्छ चमच्यात गोळा करा.

थेंब पिवळा नाही, हे लगेच दिसतं. मग चाखायला द्या. खारटही नाही! मीठ-हळद खालीच राहिली, हे न सांगता कळतं. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त गलका इथेच होतो.

पाणी उकळतं नको, बरणी तडकते. आणि ओतायचं काम बाईंनीच करायचं.